बातमी, पोलीस आणि टेलिफोनवरचे माणूस

(ट्रस्टच्या रौप्यमहोत्सवी व्याख्यानमालेत, सुभानपुरा, बडोदे येथे दिलेले व्याख्यान)



ट्रस्टच्या रौप्यमहोत्सवानिमित्त चार शब्द बोलण्याची आज्ञा झाली, तेव्हा विषय आमच्यावरच सोपविण्यात आला होता. शिक्षकाने शिक्षणावर बोलावे अशी रीत आहे. परंतु शिक्षणावर पंचवीस वर्षे भाषणे ऐकून आपण सर्वजण त्या विषयात पारंगत झालेले आहात. म्हणून आज आम्ही थोडा निराळा विषय घेण्याचे धाडस करीत आहोत. पोलिसांच्या गैरवर्तनाची बातमी वर्तमानपत्रात किंवा मोबाइलच्या पडद्यावर येते. ती वाचून आपल्या मनात संताप उसळतो आणि तो उसळावयासच हवा. पण त्या संतापाचा एक वाटा अशा एका माणसाच्या कानावर जाऊन आदळतो, की ज्याचा त्या गैरवर्तनाशी काडीचाही संबंध नसतो. संकटकाळी आपण नंबर फिरवितो तेव्हा पलीकडून जो आवाज येतो, त्या आवाजाच्या धन्याविषयी, आणि पुष्कळदा धनिणीविषयी, आज बोलावयाचे आहे.

हा विषय दूरचा वाटेल, पण तसा तो नाही. १८ जानेवारी २०२४ रोजी आपल्या शहरातील हरणी तळ्यात सहलीची नाव उलटून बारा मुले आणि दोन शिक्षिका बुडून गेल्या. ३१ जुलै २०१९ च्या अतिवृष्टीत आणि पुन्हा ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीने अर्धे शहर पाण्याखाली घेतले. ज्या शहराने सहा वर्षांत एवढे पाहिले, त्या शहरातील माणसास संकटकाळच्या फोनचे मोल निराळे समजावून सांगावे लागत नाही. सांगावयाचे आहे ते इतकेच, की हा फोन दोन टोकांना जिवंत माणसे असल्याखेरीज चालत नाही, आणि बातमीचा परिणाम दोन्ही टोकांवर होतो.

प्रथम या व्यवस्थेचा इतिहास थोडक्यात पाहू, कारण त्यात एक मौजेची गोष्ट आहे. संकटकाळचा स्वतंत्र नंबर ही कल्पना वर्तमानपत्रामुळेच पुढे आली. १० नोव्हेंबर १९३५ रोजी लंडनच्या विंपोल स्ट्रीटवर एका घरास आग लागून पाच स्त्रिया मृत्युमुखी पडल्या. समोर राहणाऱ्या एका गृहस्थांनी बंबवाल्यांना फोन लावला, पण टेलिफोन एक्स्चेंजच्या रांगेत त्यांचा फोन अडकून पडला. त्यांनी संतापून वर्तमानपत्रास पत्र लिहिले. त्यातून चौकशी झाली आणि ३० जून १९३७ पासून लंडनमध्ये ९९९ हा नंबर सुरू झाला. अमेरिकेत ९११ चा पहिला फोन १६ फेब्रुवारी १९६८ रोजी अलाबामा राज्यातील हेलीव्हिल या गावी वाजला.

आपल्या देशात पोलिसांस १००, बंबास १०१ असे निरनिराळे नंबर होते. १५ ऑगस्ट २००५ रोजी हैदराबादेत १०८ ची रुग्णवाहिका सेवा सुरू झाली आणि ऑगस्ट २००७ मध्ये ती गुजरातेत आली. डिसेंबर २०१२ मध्ये दिल्लीत धावत्या बसमध्ये एका तरुणीवर जो भयंकर अत्याचार झाला, त्याने सारा देश हादरला. वर्तमानपत्रांनी ती बातमी महिनोन्‌महिने विझू दिली नाही. त्यातून २०१३ मध्ये निर्भया निधी उभा राहिला आणि सर्व संकटांसाठी एकच नंबर असावा, या विचारास जोर आला. ११२ हा तो नंबर. नोव्हेंबर २०१८ मध्ये हिमाचल प्रदेश हे तो सुरू करणारे पहिले राज्य ठरले. महाराष्ट्रात २०२१ मध्ये नवी मुंबई आणि नागपूर अशा दोन केंद्रांतून तो चालू झाला. गुजरातेत काही जिल्ह्यांत आधी होता, तो ऑगस्ट २०२५ मध्ये 'जनरक्षक' या नावाने सर्व राज्यभर आला. स्त्रियांसाठी १८१ ची 'अभयम्' सेवा तर गुजरातेत २०१५ पासून राज्यभर आहे.

तात्पर्य, वर्तमानपत्र आणि संकटकाळचा फोन यांचे नाते वैराचे नाही. बातमी छापली गेली म्हणून फोन आला. हे नाते मनात ठेवून पुढील गोष्टी ऐकाव्यात, अशी विनंती आहे.

आता फोन उचलणाऱ्या माणसाकडे वळू. एक मोठा दिवाणखाना, रांगेने मांडलेली टेबले, प्रत्येक टेबलावर दोन-तीन पडदे आणि प्रत्येक डोक्यावर कानटोपीसारखा अडकविलेला फोन. फोन येताच पहिला प्रश्न "कोठून बोलता?" हाच असतो. ओरडणारा माणूस काय झाले ते आधी सांगतो आणि पत्ता मागाहून सांगतो. मधेच फोन तुटला तर काय झाले ते कळलेले असते, पण गाडी पाठवावयाची कोठे ते कळत नाही. म्हणून पत्ता आधी. मग काय झाले, किती माणसे आहेत, कोणी जखमी आहे काय, कोणाच्या हाती हत्यार आहे काय. हे सर्व टंकलिखित होते आणि जवळच्या गाडीतील पडद्यावर जाते. एका मिनिटाचा हा खेळ. फोन ठेवला की पुढचा फोन. मागच्या फोनवरच्या मुलाचे काय झाले, ती बाई वाचली की नाही, हे त्या टेबलावरच्या माणसाला बहुधा कधीच कळत नाही. कथेचे पहिले पान रोज वाचावयाचे आणि शेवटचे पान कोणी दाखवीत नाही, अशी ही नोकरी आहे.

हा माणूस पोलीस असतो, असा आपला सर्वांचा समज आहे. अनेक राज्यांत तो खोटा आहे. फोन घेणारी ही कंत्राटावर नेमलेली तरुण मुले-मुली असतात. अंगावर वर्दी नाही, हातात काठी नाही, पोलिसाचा पगार नाही आणि पोलिसाचा अधिकारही नाही. उत्तर प्रदेशात ११२ चे फोन घेणाऱ्या मुलींना 'संवाद अधिकारी' असे भारदस्त नाव आहे आणि पगार महिना सुमारे बारा हजार रुपये होता. नोव्हेंबर २०२३ मध्ये पगारवाढीसाठी त्या मुली लखनौत रस्त्यावर बसल्या, तेव्हा त्यांना हटविण्यासाठी पोलीस आले आणि त्यांच्यावर गुन्हेही नोंदविण्यात आले. ज्यांच्या आवाजावर पोलिसांच्या गाड्या धावत, त्यांच्यावरच एके दिवशी पोलीस धावून आले. लोकांच्या शिव्या पोलीस समजून खावयाच्या, आणि पोलिसांचा बडगा सामान्य नागरिक म्हणून खावयाचा, अशी ही मधली जात आहे.

आता मुख्य प्रश्नाकडे येऊ. पोलिसांच्या गैरवर्तनाची बातमी गाजू लागली म्हणजे या फोनवर काय होते? आम्हांस चार परिणाम दिसतात.

पहिला परिणाम असा, की फोन येईनासा होतो. अमेरिकेतील मिलवॉकी शहरात ऑक्टोबर २००४ मध्ये कामावर नसलेल्या काही पोलिसांनी एका कृष्णवर्णीय तरुणास अमानुष मारहाण केली. फेब्रुवारी २००५ मध्ये तेथील वर्तमानपत्राने ती हकीकत छायाचित्रासह छापली. पुढे २०१६ मध्ये तीन समाजशास्त्रज्ञांनी त्या शहरातील ९११ च्या फोनांची मोजदाद प्रसिद्ध केली. बातमीनंतरच्या वर्षभरात, अपेक्षेपेक्षा सुमारे बावीस हजार फोन कमी आले आणि त्यांतील निम्म्याहून अधिक घट कृष्णवर्णीयांच्या वस्त्यांत होती, असा त्यांचा निष्कर्ष. पण येथे आम्ही शिक्षक म्हणून आपणांस सावध करू इच्छितो. २०२० मध्ये दुसऱ्या एका अभ्यासकाने त्याच आकड्यांची फेरतपासणी केली आणि आकड्यांतील एका असाधारण टोकावर हा निष्कर्ष उभा आहे, असा आक्षेप घेतला. मूळ लेखकांनी त्यास उत्तरही दिले. म्हणजे विद्वानांत हा वाद आहे. आकडा डोळे मिटून पाठ करू नये. परंतु आपण ज्या वस्त्यांत राहतो तेथील अनुभव काय सांगतो, हे प्रत्येकाने स्वतःस विचारावे.

एका वस्तीतील प्रसंग सांगतो. नाव-गाव सांगण्याचे कारण नाही. रात्री अकराच्या सुमारास वरच्या मजल्यावर एक गृहस्थ पत्नीस मारीत होता. जिन्यात पाच-सात शेजारी गोळा झाले. फोन करावा असे एकाने म्हटले. दुसऱ्याने खिशातून मोबाइल काढून पोलीस कोणा तरुणास रस्त्यावर झोडपीत असल्याचे त्याच दिवशीचे चित्र दाखविले आणि म्हणाला, "ह्यांना बोलावता? मग आपलीच नावे लिहून नेतील." चर्चा अर्धा तास चालली. वरचे रडणेही अर्धा तास चालले. शेवटी तळमजल्यावरील एक वृद्ध बाई बाहेर आल्या. सर्व त्यांना खालाजान म्हणत. त्या म्हणाल्या, "तुमची ती तस्वीर मला दिसत नाही बाबांनो, मला डोळे नाहीत. मला रडणे तेवढे ऐकू येते. लावा फोन." १८१ ला फोन लागला. गाडीतून एक समुपदेशक बाई आणि एक महिला पोलीस आली. बाईचा जीव वाचला, हाताचे हाड मात्र मोडले होते. ते हाड पहिल्या मिनिटात मोडले की तिसाव्या, हे कोणी सांगू शकणार नाही. परंतु तो अर्धा तास आम्हांस विसरता येत नाही.

तरीही त्या जिन्यातील माणसांना भेकड म्हणून आम्ही मोकळे होणार नाही. त्यांच्या भीतीस कारणे आहेत. डिसेंबर २०१९ मध्ये आपल्या फतेहगंज पोलीस ठाण्यात चौकशीसाठी नेलेला तेलंगणातील एक वृद्ध पुन्हा घरी गेला नाही. मुलाने उच्च न्यायालयाचे दार ठोठावले आणि जुलै २०२० मध्ये एका इन्स्पेक्टरासह सहा पोलिसांवर गुन्हा नोंदविण्यात आला. फतेहगंज सुभानपुऱ्याहून किती दूर आहे? त्याआधी, २००२ मध्ये, याच शहरात हनुमान टेकरीवरील बेकरीत चौदा जीव गेले. त्या खटल्यातील तपासावर सर्वोच्च न्यायालयाने कडक ताशेरे ओढले आणि २००४ मध्ये तो खटला फेरसुनावणीसाठी मुंबईस पाठविला. जुन्या जखमेवरची खपली प्रत्येक नव्या बातमीने निघते. विश्वास ही वस्तू मागून मिळत नाही, ती मिळवावी लागते, हे पोलीस खात्यास सांगण्याचा प्रत्येक नागरिकास हक्क आहे. आमचे म्हणणे एवढेच, की त्या हक्काची वसुली फोनवरच्या मुलीकडून करू नये, आणि मार खाणाऱ्या बाईच्या हाडांतून तर मुळीच करू नये.

दुसरा परिणाम पहिल्याच्या उलट. फोन येतात, पण मदतीसाठी नव्हे, राग काढण्यासाठी. आमची एक जुनी विद्यार्थिनी अशाच एका केंद्रात काम करते. राज्याचे नाव सांगत नाही. सुट्टीत घरी आली म्हणजे ती भेटावयास येते. ती सांगत होती, "सर, अशी बातमी आली म्हणजे आम्हांला वर्तमानपत्र वाचावे लागत नाही. पहिल्या तासात कळते. फोन उचलला की शिवी. फोन उचलला की कोणी हसतो आणि विचारतो, आज कोणाला मारणार? आम्हांला उलट बोलण्याची परवानगी नाही. मी पोलीस नाही, असे सांगण्याचीही सोय नाही, कारण ते ऐकून खरा संकटातला माणूस गोंधळतो." शिव्या गिळता येतात, असे ती म्हणाली. जे गिळता येत नाहीत ते निराळे फोन. एखादी बाई फोन करते, रडत रडत पत्ता सांगू लागते आणि मधेच "राहू द्या, नको" म्हणून ठेवून देते. नियमाप्रमाणे आम्ही परत फोन लावतो, तो उचलला जात नाही. "त्या 'राहू द्या'चा आवाज घरी माझ्याबरोबर येतो," असे ती मुलगी म्हणाली. तिचे वय सव्वीस आहे.

तिसरा परिणाम फोन घेणाऱ्याच्या स्वतःच्या मनावर होतो. ही माणसेही वर्तमानपत्र वाचतात. गाडी पाठविण्याचा हुकूम ती देत नाहीत, पण गाडी कोठे जावयाची ते त्यांच्या टंकलेखनावर ठरते. म्हणून एक विचार त्यांच्या मनात डोकावतो, की मी ज्या दाराशी गाडी पाठवीत आहे तेथे आज काय होईल? हा विचार पोकळ नाही. २२ नोव्हेंबर २०१४ रोजी अमेरिकेतील क्लीव्हलंड शहरात बागेत खेळणाऱ्या एका बारा वर्षांच्या मुलाच्या हाती खेळण्यातले पिस्तूल होते. फोन करणाऱ्याने सांगितले होते, की पिस्तूल बहुधा खोटे आहे आणि तो बहुधा लहान मुलगा आहे. फोन घेणाऱ्या बाईने हे दोन शब्द पुढे कळविले नाहीत. गाडी आली आणि काही क्षणांत पोलिसाची गोळी त्या मुलास लागली. २०१७ मध्ये त्या बाईस आठ दिवस निलंबित करण्यात आले. गोळी झाडणाऱ्याचा दोष तिच्यावर ढकलता येणार नाही. पण 'बहुधा' या एका शब्दाचे वजन किती असते, हे ती घटना सांगते. वर्गात मुले 'बहुधा' गाळून वाक्य लिहितात, तेव्हा आम्ही लाल शाई का वापरतो, ते यावरून आपणांस कळेल.

अमेरिकेत अशा कामगारांच्या मनःस्थितीचा एक अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. चोवीस राज्यांतील १७१ फोन घेणाऱ्यांना प्रश्न विचारले गेले. भयंकर म्हणाव्यात अशा प्रकारच्या फोनांपैकी सुमारे बत्तीस टक्के फोनांच्या वेळी त्यांना तीव्र भीती, हतबलता किंवा थरकाप जाणवला होता. घटनास्थळी न जाता, खुर्चीतून न उठता, केवळ कानाने ऐकून. लहान मुलाचा अकस्मात मृत्यू किंवा इजा, हा फोन त्यांच्या आठवणीत सर्वांत वाईट म्हणून वारंवार आला होता. घाव डोळ्यांनीच लागतो, हा आपला समज या अभ्यासाने खोटा ठरविला. एवढे ओझे आधीच ज्या मनावर आहे, त्यावर वरून सर्व पोलीस खात्याच्या पापाची गाठोडी ठेवली तर ते मन किती दिवस टिकेल?

चौथा परिणाम मात्र चांगला आहे, आणि तो सांगितल्याखेरीज हे व्याख्यान एकांगी होईल. बातमीने या माणसांना धीर दिल्याचीही उदाहरणे आहेत. २५ मे २०२० रोजी मिनिआपोलिस शहरात जॉर्ज फ्लॉइड या माणसाच्या मानेवर एका पोलिसाने गुडघा रोवून त्याचा जीव घेतला. त्या वेळी ९११ च्या दिवाणखान्यातील एक कर्मचारी रस्त्यावरील कॅमेऱ्याचे चित्र पडद्यावर पाहत होती. बराच वेळ चित्र हलेना, तेव्हा पडदाच बंद पडला की काय, अशी शंका तिला आली. मग काही तरी विपरीत घडत आहे, हे ओळखून तिने आपण होऊन पोलिसांच्या वरिष्ठास फोन करून कळविले. आपल्याच माणसांविषयी तक्रार करणे कोणत्याही कचेरीत सोपे नसते. पोलिसांचे पहिले निवेदन 'वैद्यकीय घटना' एवढेच म्हणत होते. एका सतरा वर्षांच्या मुलीने काढलेले चित्र जगभर पसरले म्हणून सत्य बाहेर आले. मार्च २०२१ मध्ये खटला उभा राहिला, तेव्हा सरकारपक्षाची पहिली साक्षीदार तीच फोनवरची कर्मचारी होती. २० एप्रिल रोजी आरोपी दोषी ठरला. बातमी दडपली गेली असती तर त्या बाईचा फोन एका वहीतील नोंद होऊन राहिला असता.

म्हणून कोणी असा निष्कर्ष काढू नये, की फोनवरच्या माणसास त्रास होतो, सबब पोलिसांच्या वाईट बातम्या छापू नयेत. तो निष्कर्ष आम्ही साफ नाकारतो. दिव्यामुळे घरातली घाण दिसते, म्हणून दिवा मालवून घर स्वच्छ होत नाही. आपल्या देशात कोठडीतील मृत्यूंविषयीच्या बातम्या जुलै व ऑगस्ट १९८६ मध्ये छापून आल्या. पश्चिम बंगालमधील डी. के. बसू यांनी त्या बातम्यांकडे लक्ष वेधणारे पत्र सर्वोच्च न्यायालयाच्या सरन्यायाधीशांना पाठविले. न्यायालयाने त्या पत्रालाच अर्ज मानले आणि १८ डिसेंबर १९९६ रोजी निकाल दिला. अटकेचा लेखी पंचनामा करावा, त्यावर साक्षीदाराची सही असावी, आप्तांस कळवावे, दर अठ्ठेचाळीस तासांनी डॉक्टराने तपासावे, हे नियम त्या निकालाने घालून दिले. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेतील दोन चिमुकल्या मुलींच्या प्रकरणी तक्रार नोंदविण्यास विलंब लावला म्हणून तीन पोलीस निलंबित झाले, तेही बोभाटा झाल्यावर. बडोद्यास तर वर्तमानपत्राची परंपरा जुनी आहे. दामोदर सावळाराम यंदे यांनी येथे 'सयाजीविजय' पत्र चालविले, त्या काळापासून येथील लोक छापील शब्दावर वाद घालीत आले आहेत. ती सवय सोडण्याचे कारण नाही.

मागणी करावयाची असेल तर ती निराळी करावी. बातमी पुरी द्यावी. कोणत्या ठाण्यातील कोणत्या अधिकाऱ्याने काय केले, गुन्हा कोणत्या तारखेस नोंदला गेला, चौकशी कोणाकडे आहे, हे लिहावे. 'पोलिसांनी मारले' एवढाच मथळा वाचणारास सर्व पोलीस एक वाटतात, आणि मग फोनवरची सव्वीस वर्षांची मुलगीही त्यांतलीच एक वाटते. नाव आणि तारीख दिली की दोष जेथल्या तेथे राहतो. शिवाय पहिल्या दिवशी मोठा मथळा आणि निकालाच्या दिवशी आतल्या पानावर चार ओळी, हेही योग्य नव्हे. शिक्षा झाली तर ती लोकांस कळावी, निर्दोष सुटला तर तेही कळावे. अर्धवट बातमीने भीती तेवढी मागे राहते.

तसेच चांगल्याची नोंद चांगली म्हणून व्हावी. २०१९ च्या पुरात सबइन्स्पेक्टर गोविंद चावडा यांनी विश्वामित्रीजवळच्या वस्तीतून एक तान्हे मूल प्लास्टिकच्या टबात ठेवून, टब डोक्यावर घेऊन, गळ्याएवढ्या पाण्यातून बाहेर आणले. ते छायाचित्र देशभर छापले गेले. त्या चित्राने कोणाचे पाप धुतले जात नाही. पण फोन करावा की नाही अशा विचारात जिन्यात उभ्या असलेल्या माणसास तेही चित्र ठाऊक असावे.

आता आपल्या ट्रस्टकडे वळू. उत्सवाच्या वेळी सूचना करणे हे शिक्षकांचे जुने व्यसन आहे, ते सहन करावे.

पहिली सूचना मुलांविषयी. गंमत म्हणून ११२ ला फोन करणे ही गंमत नव्हे, हे आपल्या घरातील आणि अभ्यासिकेतील मुलांस सांगावे. एक खोटा फोन एका खऱ्या फोनास रांगेत उभा करतो. विंपोल स्ट्रीटवरील पाच स्त्रियांची गोष्ट मुलांना सांगितली तर उपदेशाची गरज राहणार नाही. त्याबरोबर पत्ता सांगण्याची सवय लावावी. आमचा अनुभव असा, की सातवीतील मुलास सर्व खंडांची नावे येतात, पण आपल्या सोसायटीचे पुरे नाव, जवळची खूण आणि घराचा क्रमांक एका दमात सांगता येत नाही. "सुभानपुऱ्यात, पाण्याच्या टाकीच्या मागे" एवढ्यावर गाडी येत नाही. वर्गात आम्ही मुलांकडून हा पत्ता पाठ म्हणवून घेतो. घरी आपणही घ्यावा.

दुसरी सूचना अशी, की ट्रस्टच्या फलकावर एक लहानसा तक्ता कायमचा लावावा. त्यात ११२, १०८, १८१ आणि मुलांसाठीचा १०९८ हे नंबर असावेत. त्याच तक्त्यावर, त्याच आकाराच्या अक्षरांत, अटक झाल्यास नागरिकाचे हक्क काय, तक्रार नोंदवून घेत नसल्यास कोणाकडे जावे, हेही लिहावे. हद्द कोणतीही असो, कोणत्याही ठाण्याने तक्रार नोंदवून घेतली पाहिजे, अशी तरतूद १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या नव्या संहितेत आहे. मानवी हक्क आयोग १९९३ पासून आहे. फोन करण्याचा नंबर आणि जाब विचारण्याचा मार्ग शेजारी शेजारी लिहिलेले असले म्हणजे माणसाच्या मनातील गाठ सुटते. भीती वाटते ती दुसरा रस्ता माहीत नसतो म्हणून. जाब कोठे विचारावयाचा हे ज्याला ठाऊक आहे, तो फोनवरच्या मुलीवर ओरडत नाही.

तिसरी सूचना वडीलधाऱ्यांसाठी. आपल्यात वकील आहेत, निवृत्त अधिकारी आहेत, डॉक्टर आहेत. यांतील चार-पाच जणांनी नावे द्यावीत. रात्री-अपरात्री कोणास पोलिसांस बोलाविण्याची वेळ आली आणि मनात भीती असली, तर त्याने ११२ ला फोन आधी करावा आणि दुसरा फोन या मंडळींपैकी एकास करावा. गाडी आल्यावर तो जाणता माणूस तेथे उभा असेल. कोणी एक साक्षीदार हजर आहे, हे पाहिले की चांगल्या पोलिसास बरे वाटते आणि वाईट पोलिसास सावध व्हावे लागते. जिन्यातला तो अर्धा तास वाचवावयाचा असेल तर उपदेशापेक्षा हा दुसरा फोन अधिक कामास येईल.

चौथी आणि शेवटची गोष्ट सूचना नव्हे, विनंती आहे. आपल्या ओळखीत १०८ वर, १८१ वर किंवा ११२ वर काम करणारी मुले-मुली असतील. हल्ली मध्यमवर्गीय घरांतील पुष्कळ तरुण या नोकरीत शिरतात. रात्रपाळी करून आलेल्या मुलीस "दिवसभर झोपतेस कसली?" असे विचारण्याआधी, काल रात्री काय ऐकलेस, असे एकदा विचारावे. ती सांगेलच असे नाही. काही गोष्टी सांगण्याची तिला परवानगीही नसते. पण घरात कोणी विचारणारे आहे, हे तिला कळेल. मालक मंडळींनी आणि सरकारने अशा कामगारांस नियमित पगार, विसावा आणि मन मोकळे करण्यास जाणता माणूस द्यावा, ही मागणी मोठ्या सभांतून व्हावयाची ती होवो. घरातला प्रश्न मात्र कोणत्याही ठरावाची वाट पाहत नाही.

आमची ती विद्यार्थिनी मागच्या खेपेस आली तेव्हा, नोकरी सोडावी असे वाटते काय, असे आम्ही तिला विचारले. तिने थोडा विचार केला आणि म्हणाली, "सर, ज्या दिवशी बातमी वाईट असते, त्या दिवशी मी रजा घेत नाही. त्या दिवशी जो फोन करतो, तो फार भीत भीत करतो. त्याला नीट बोलणारे कोणी भेटले पाहिजे." वर्गात ही मुलगी कधी पहिल्या पाचांत आली नव्हती. तरी एवढी समज आमच्या कोणत्या धड्यातून तिला मिळाली, हे आम्हांस ठाऊक नाही.

पंचवीस वर्षे या ट्रस्टने विद्यार्थ्यांस पुस्तके दिली, रुग्णांस औषधे दिली, विधवांस शिलाईयंत्रे दिली. हाक ऐकली की धावून जाणे, हेच या सर्वांमागचे सूत्र. ज्यांचा पोटापाण्याचा धंदाच हाक ऐकण्याचा आहे, ती माणसे आपली सगोत्र समजावीत, एवढीच प्रार्थना. पोलिसांस जाब अवश्य विचारावा, मोठ्या आवाजात विचारावा, योग्य दारी विचारावा. फोनवर मात्र आवाज हळू असावा आणि पत्ता पुरा असावा.

ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवास आजची मुले या व्यासपीठावर बसलेली असोत, अशी इच्छा व्यक्त करून आमचे भाषण संपवितो.